बरणीतल्या वाईनला ओकाचं लाकूड

घरच्या वाईनला चव यावी म्हणून मी बरणीत ओकाच्या लाकडाचे तुकडे मुरवतो. दोन वर्षांमागं माझा मेव्हणा कामासाठी चिकमगळूरकडं गेला होता. येताना गाडीच्या डिकीत चार फळ्या घालून आणल्या आणि फाटकातूनच ओरडला, "दाजी, तुमचा ओक आणलाय बघा! कॉफीच्या मळ्यातला." मी एका फळीवर रंधा मारला, ढलपी नाकाशी धरली, आणि त्याला आधी बसवून चहा दिला. ती सिल्व्हर ओकची फळी होती. नावात ओक असला तरी ते झाड ओकाच्या कुळातलं नाही. मूळ ऑस्ट्रेलियाचं, कॉफीला सावली आणि मिरीच्या वेलाला आधार म्हणून आपल्या कर्नाटकात भरपूर लावलेलं. त्याच्या लाकडानं नि पाल्यानं काही जणांच्या अंगावर पुरळही उठतं. त्या फळ्यांची मी मांडणी केली, ती आमच्या स्वयंपाकघरात आहे. वाईनमध्ये त्यातली एक ढलपीसुद्धा गेली नाही.

हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण बेळगाव-खानापूरकडं कुणीही 'ओक आहे का' विचारत वखारीत गेला तर त्याच्या हातात सिल्व्हर ओकच पडणार. सह्याद्रीत खरा ओक उगवत नाही. हिमालयात उत्तराखंडच्या बाजूला बांज म्हणून ओकाची जात आहे, पण पिपांसाठी जगभर जे लाकूड वापरतात ते अमेरिकेतला व्हाइट ओक आणि युरोपातल्या दोन जाती, ज्यांना सरसकट फ्रेंच ओक म्हणायची पद्धत पडली आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, बत्तीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार उमटवायचा, तो नग आधी लाकडात हुबेहूब करावा लागतो. लाकूड कुठल्या अंगानं आटतं, पावसाळ्यात किती फुगतं, हे हाताला कळावं लागतं. आणि वाईन आमच्या घरात आईच्या वेळेपासून आहे, नाताळपुरती, दोन बरण्या. रिटायर झाल्यावर हे दोन्ही एकत्र आलं. खाली लिहितोय ते माझ्या वहीतून, स्वतः करून, चाखून, आणि दोनदा सगळं ओतून देऊन शिकलेलं.

कायद्याचं एकदा बोलून घेतो. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे मद्य तयार करायला परवाना लागतो. घरापुरतं आहे म्हणून चालतं असं धरून बसू नका, अबकारी कार्यालयात जाऊन विचारा. विकायचं तर मनातही आणू नका. परवानगीची अडचण असेल तर दुकानातली साधी, लाकडात न मुरवलेली लाल वाईन आणून तिच्यावर हेच सगळं करता येतं. लाकडाचं तंत्र तेच राहतं.

आता ओक नेमकं देतो काय? स्वयंपाकघरातल्याच गोष्टी आठवा. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो, तो भाजला की त्यातून व्हॅनिलिन सुटतं. होय, तोच व्हॅनिलाचा वास. हेमिसेल्युलोज भाजलं की त्याची साखर होते आणि ती करपायच्या आधीच्या वासावर येते, कुंदा आटवताना कढईच्या कडेला दूध लालसर होऊन जसा घमघमाट सुटतो तसा. युजेनॉल म्हणजे लवंगेतला वास, तोही ओकात असतो. लॅक्टोन नावाची द्रव्यं ओल्या खोबऱ्याचा वास देतात, ती अमेरिकन ओकात जास्त. फ्रेंच ओकाची नस बारीक, खोबरं कमी, मसाला आणि तुरटपणा जास्त. मला जांभळाला फ्रेंच आवडतो आणि मनुकांच्या वाईनला अमेरिकन. दुसऱ्याला उलटही आवडेल.

राहिलं टॅनिन. हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. अथणी-निपाणीकडं चपलांचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, ते टॅनिनच्याच जोरावर. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरतं, कातडं टिकाऊ होतं. युरोपात हेच काम ओकाच्या सालीवर चालायचं. वाईनचा घोट घेतल्यावर जीभ आणि गालाची आतली बाजू ओढल्यासारखी होते, तेव्हा तेच टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरत असतं. थोडं असलं की वाईनला अंग येतं. जास्त झालं की हिरडा चघळल्यासारखं तोंड होतं, आणि बरणीत उतरलेलं टॅनिन घरच्या घरी परत काढता येत नाही. म्हणून मी ओकाकडं मसाला म्हणून बघतो. चिमटीनं घालायचा, चाखायचा, वेळेत थांबवायचा.

लाकूड कुठलं घ्यायचं आणि कुठलं नाही, हे नीट वाचा. घरी वाईन करणाऱ्यांसाठी म्हणून पाकिटात येणारा ओक ऑनलाइन मिळतो. पाकिटावर देश, भाजणीचा प्रकार आणि हे खाण्यापिण्याच्या कामाचं आहे असं लिहिलेलं असेल तरच घ्या. फर्निचरच्या दुकानातलं उरलेलं लाकूड नको. पॉलिश, वाळवीचं औषध, गोंद, काय काय लागलंय सांगता येत नाही. आणि परदेशातून मशीन येतं त्या खोक्याचं लाकूड अजिबात नको. उद्यमबागेत अशी खोकी ढिगानं पडलेली असायची आणि मलाही एकदा मोह झाला होता. त्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का असतो, शेजारी दोन अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड तापवून घेतलेलं, 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. शिवाय बहुतेक खोकी पाइनची असतात, म्हणजे राळेचा वास.

सागवान, फणस, जांभूळ ही आपली लाकडं घालावीत का, असं मला बरेच जण विचारतात. सागवानात तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळंच त्याला वाळवी लागत नाही. पिण्याच्या वस्तूत ते मी घालणार नाही. बाकी लाकडांचं म्हणाल तर जगात ओकाशिवायची लाकडंही चालतात, श्रीलंकेत माडाची अरक हलमिल्ला नावाच्या लाकडाच्या पिपांत मुरवतात. पण तिथं पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. आपल्या वखारीतल्या लाकडाचा तसा अनुभव माझ्या गाठीला नाही, म्हणून मी ते बरणीबाहेर ठेवतो.

ओकातही रेड आणि व्हाइट असा फरक आहे आणि तो डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. मुंबईहून आलेल्या रेड ओकच्या फर्निचरचा वीतभर तुकडा माझ्याकडं होता. त्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकलं तर पाण्यात बुडबुडे येतात! नसा आरपार मोकळ्या असतात, उसाच्या कांडात नसतील इतक्या. व्हाइट ओकात त्याच नसा आतून भरून बंद झालेल्या असतात, कितीही फुंका, हवा जात नाही. म्हणून पिंप व्हाइट ओकचं होतं, रेड ओकचं गळतं. नातवंडांना हे करून दाखवलं की अर्धा तास घर शांत असतं.

पिपांच्या फळ्या तोडल्यावर दोन-तीन वर्षं उघड्यावर रचून ठेवतात. ऊन-पाऊस खाऊन त्यातला कडक तुरटपणा धुऊन जातो. ताज्या लाकडाला ती मुरवण नसते, म्हणून कुणी परदेशातून ओकाची ओली फांदी आणून दिली तरी उपयोग नाही.

पाकिटातला ओक तीन रूपांत येतो: भुसा, ढलप्या आणि ठोकळे. भुसा घेऊ नका. दोन दिवसांत सगळं सोडतो, गाळताना जीव जातो, आणि चव भरड येते. ढलप्या पातळ असतात, आठवडा-दहा दिवसांत काम करतात. घाई असेल आणि रोज चाखायची तयारी असेल तर ठीक. माझी पसंती सेंटिमीटरभराच्या ठोकळ्यांना. ठोकळा बाहेरून जास्त भाजलेला असतो, आत कमी, मधोमध जवळजवळ कोरा. वाईन हळूहळू आत शिरते आणि प्रत्येक थरातून वेगळं काहीतरी घेऊन बाहेर येते. सहा ते आठ आठवडे लागतात, पण चवीला खोली येते. शिवाय चुकलं तर सावरायला वेळ मिळतो.

भाजणीचे लाइट, मीडियम, मीडियम प्लस आणि हेवी असे प्रकार पाकिटावर लिहिलेले असतात. कमी भाजलं की लाकडाचा कच्चा वास आणि तुरटपणा पुढं येतो. मध्यम भाजणीत व्हॅनिला नि गोडसर वास. जास्त भाजलं की कॉफी, धूर, लवंग, आणि तुरटपणा कमी. पहिल्यांदा करणाऱ्यानं डोळे झाकून मीडियम घ्यावं.

माझ्याकडं न भाजलेल्या फ्रेंच ओकाच्या पट्ट्या आल्या होत्या, त्या मी घरीच भाजल्या. पद्धत सांगतो. बारीक दातांच्या करवतीनं पट्टीचे सेंटिमीटरभराचे ठोकळे करायचे. ओटीजी १९० ते २०० अंशांवर तापवायचा, ठोकळे अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सैल गुंडाळून एका थरात ठेवायचे. पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसती ओल जाते, भिजल्या फळीचा वास येतो. मग शेंगदाणे भाजल्यासारखा, मग हळूच बिस्किटाच्या भट्टीसारखा. साधारण तासाभरानं एक ठोकळा काढून पटाशीनं मधोमध फोडून बघायचा. बाहेरून भाजक्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग, आत दुधाळ चहाचा रंग दिसला की मीडियम झालं समजा. अजून गडद हवं असेल तर आणखी अर्धा-पाऊण तास, पण ओटीजीजवळून हलायचं नाही. धूर दिसायला लागला की बंद. तव्यावर भाजू नका, एक बाजू कोळसा होते आणि दुसरी कच्ची राहते. मसाल्याच्या मिरच्या तव्यावर भाजताना हात सतत हलता असतो, ठोकळ्याच्या सहा बाजूंना तसा हात पुरत नाही.

भाजलेले ठोकळे गार करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. आपल्याकडं जुलैत भिंतींनाही बुरशी येते, उघडं लाकूड तर नक्कीच सर्द होतं. बुरशीचा ठिपका दिसलेला ठोकळा चुलीत घाला, धुऊन वापरायचा विचार करू नका.

घालायच्या आधी जंतू मारायला हवेत. पाण्यात खळखळ उकळलं तर निम्मा वास पाण्यात जातो. आमच्या घरच्यांनी यावर चांगला उपाय काढला: इडलीपात्रात वाफवायचे. मलमलच्या फडक्यात ठोकळे पसरून पंधरा मिनिटं वाफ. जंतू मरतात, चव लाकडातच राहते. पात्राच्या तळाच्या पाण्याला थोडा चहाचा रंग येतो, ते फेकून द्यायचं. दुसरा मार्ग म्हणजे ठोकळे बुडतील एवढ्या व्होडकात दोन दिवस ठेवून त्या व्होडकासकट बरणीत घालणं.

माझ्या वहीतलं माप असं: द्राक्षाच्या लाल वाईनला लिटरमागं २ ते ३ ग्रॅम ठोकळे. सेंटिमीटरभराचा एक ठोकळा माझ्या काट्यावर पाऊण ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे दहा लिटरच्या बरणीला पस्तीसेक ठोकळे. जांभळाला लिटरमागं दीड ग्रॅमच्या वर जाऊ नका, कारण जांभूळ स्वतःच तुरट. मनुकांच्या वाईनला तीन ग्रॅमही चालतात, तिच्यातला गोडवा लाकूड पेलतो. ढलप्या असतील तर लिटरमागं एक ग्रॅमनं सुरुवात करा. अननस, पेरू, जास्वंद, आलं यांना ओक घालू नका. या नाजूक वासांवर लाकूड बसलं की खाली काही उरत नाही.

आणि बिघडलेल्या वाईनला ओक घालून वाचवायला जाऊ नका. व्हिनेगरचा वास आलेली वाईन लाकूड घातल्यावर लाकडाचा वास असलेलं व्हिनेगर होते.

सगळ्यांत महत्त्वाची सवय: बरणीतली अर्धीच वाईन ओकात घाला. दहा लिटर असेल तर पाच लिटर दुसऱ्या बरणीत निथळून घ्यायची, तिच्यात लाकूड नाही. मग ओकाचा भाग थोडा जास्त झाला तरी कोरी वाईन मिसळून सारखं करता येतं. मी ही सवय नुकसान सोसून लावून घेतली. २०१६ साली जांबोटीच्या वाटेवर पाटीवाल्या बायकांकडून घेतलेल्या जांभळांची दहा लिटर वाईन झाली होती, आतापर्यंतची सगळ्यांत चांगली. सगळ्याच वाईनमध्ये मी साठ ग्रॅम गडद भाजलेल्या ढलप्या घातल्या आणि गडहिंग्लजला पुतणीच्या लग्नाला गेलो. तिथं मुक्काम लांबला, तीन आठवड्यांनी परतलो. आमच्या घरच्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, हा हिरड्याचा काढा झालाय." दीड वर्ष ठेवून बघितली, धूर थोडा कमी झाला, तुरटपणा गेला नाही. मिसळायला कोरी वाईन शिल्लकच नव्हती. त्या जांभळांचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरं नुकसान लोखंडानं केलं. ठोकळे सुरुवातीला तरंगतात, म्हणून मलमलच्या पोटलीत बांधून वजन लावावं लागतं. माझ्या हाताशी लोखंडी नट होता, तो धुऊन उकळून पोटलीत घातला. अथणीकडच्या हिरव्या द्राक्षांची फिकी सोनेरी वाईन होती ती. पाचव्या दिवशी उजेडात धरली तर पोटलीचं कापड निळसर काळं, आणि त्याभोवती शाईचा ढग पसरल्यासारखा. शाईच ती! हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र करून काळा रंग करतात, तेच माझ्या बरणीत झालं होतं. टॅनिन आणि लोखंड. सुतारकामात ओकाला लोखंडी खिळा मारला की भोवती काळा डाग पडतो, हे मला माहीत होतं, आणि तरी सुचलं नाही. आता वजनाला काचेच्या गोट्या वापरतो. तांबं, पितळ, अॅल्युमिनियमही वाईनला लागू देऊ नका. काच किंवा चांगलं स्टेनलेस स्टील, बस.

वेळापत्रक आपल्या हवेला धरून सांगतो. जांभळं मे-जूनमध्ये. आंबवण्याचं काम जूनमध्ये होतं, जुलैभर गाळ खाली बसतो. वरची नितळ वाईन नळीनं हळूच दुसऱ्या बरणीत घ्यायची, ऑगस्टअखेर पुन्हा एकदा. नितळ झाल्याशिवाय लाकूड घालायचं नाही. गाळ ठोकळ्यावर बसला की वाईन आत शिरत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठोकळे, ऑक्टोबरअखेर बाहेर, नोव्हेंबरभर विश्रांती, नाताळला बाटली उघडायची. द्राक्षं फेब्रुवारी-मार्चची, त्यांना अख्खा पावसाळा मिळतो. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून हवा मानवते, पण एप्रिल-मेमध्ये माळ्यावर किंवा पत्र्याखाली बरणी ठेवली तर लाकूड फार भराभर उतरतं. आमची बरणी माजघराच्या कोपऱ्यात असते, भोवती ओलसर गोणपाट, वर जुनी चादर, उजेड लागू नये म्हणून.

ठोकळे घालताना लिटरमागं ०.०५ ग्रॅम केएमएस घाला, सरबताच्या बाटल्यांना वापरतात तेच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. चमच्यानं अंदाज करू नका, ग्रॅमच्या दोन आकड्यांपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, त्यांना सांगून ठेवा. बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी. वर रिकामी जागा राहिली की हवा लागते आणि चव पडते. चाखण्यासाठी काढलेली वाईन कोऱ्या बरणीतल्या वाईननं भरून काढायची.

पहिल्या दोन आठवड्यांत चार दिवसांनी, पुढं आठवड्याला, काचेच्या नळीनं दोन चमचे काढायची. वेळ नेहमी एकच, माझी सकाळी दहाची, नाष्टा होऊन तासभर झाल्यावर आणि तंबाखू-पानाशिवाय. शेजारी कोऱ्या बरणीतली दोन चमचे. आधी कोरी, मग ओकातली. वहीत तीनच गोष्टी लिहा: वास कशाचा, तुरटपणा जिभेच्या कुठल्या भागावर, घोट गेल्यावर चव किती वेळ राहिली. पहिल्या आठवड्यात नुसतं ओलं लाकूड लागेल, रंध्याखालच्या ताज्या ढलपीसारखं. घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला ते मागं जातं आणि व्हॅनिला, लवंग पुढं येतात. सहाव्या आठवड्यानंतर मी रोज चाखतो, कारण इथून पुढं तुरटपणा वाढायची भीती असते.

काढायचं कधी? लगेच प्यायची असेल तर हवं तेवढं लागलं की त्याच दिवशी. वर्षभर ठेवायची असेल तर हव्यापेक्षा किंचित जास्त लागल्यावर, कारण बाटलीत लाकूड हळूहळू वाईनमध्ये मिसळून मवाळ होतं. किंचित म्हणजे खरोखर किंचित.

ज्यांना हे सगळं अवघड वाटतं त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. पन्नास ग्रॅम ठोकळे पाव लिटर व्होडकात घालून काचेच्या बाटलीत महिनाभर ठेवायचे, अधूनमधून हलवायचे. गडद सोनेरी अर्क तयार होतो. ड्रॉपरनं शंभर मिलिलिटर वाईनमध्ये पाच थेंब, दहा थेंब, वीस थेंब असे तीन ग्लास करून बघा, घरातल्या दोघा-तिघांना न सांगता चाखायला द्या. जो आवडेल त्या हिशेबानं पूर्ण बरणीत घाला. ठोकळ्यांची खोली यात येत नाही, पण चूक ग्लासभरापुरतीच राहते.

बीअरबद्दल माझा भाचा जास्त जाणतो, तो बंगळुरूच्या एका मायक्रोब्रुअरीत काम करतो. त्याचं पहिलं वाक्य असं, "मामा, बीअरला हवा लागू द्यायची नाही, बाकी सगळं नंतर." वाईन उघडून बघितलेली चालते, बीअर लगेच ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. त्यामुळं लाकूड आंबवणं पूर्ण झाल्यावर, थंड जागी, झाकलेल्या भांड्यात आणि कमीत कमी उघडझाक करून. माप लिटरमागं १ ते २ ग्रॅम ठोकळे, दोन ते तीन आठवडे. स्टाउट, पोर्टर अशा काळ्या, अंगानं जड बीअरना ओक मानवतो; त्यांच्या भाजक्या बार्लीत आधीच कॉफी नि चॉकलेटचा वास असतो. हलक्या पिवळ्या बीअरमध्ये मात्र लाकूड उघडं पडतं.

त्यानं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. पूर्वी बीअर लाकडी पिपांतच असायची, पण लाकडाची चव येऊ नये म्हणून लोक धडपडायचे. जर्मन लोक पिपाला आतून राळेचा लेप द्यायचे. इंग्रज पिपांसाठी बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल बंदरातून ओक मागवायचे, कारण तो चव फार सोडत नाही. ते बंदर आज लिथुआनियात क्लायपेडा नावानं आहे. बीअरमध्ये ओक मुद्दाम उतरवायची आवड अलीकडची, ती बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिपांमुळं वाढली. बर्बनसाठी कायद्यानं दर वेळी आतून जाळलेलं नवं ओकाचं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं स्वस्तात बाहेर पडतात. घरी तो वास हवा असेल तर गडद भाजलेले ठोकळे दोन-तीन चमचे बर्बनमध्ये आठवडाभर भिजवून मग बीअरमध्ये घाला.

छोटं पिंप विकत घ्यावं का? पाच लिटरची दिसायला सुंदर पिंपं मिळतात. फ्रान्समधलं वाईनचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं. पिंप लहान होत जाईल तसा लिटरभर वाईनला लागणारा लाकडाचा पृष्ठभाग वाढत जातो. पाच लिटरला तो तिपटीहून जास्त भरतो. म्हणजे नव्या छोट्या पिपात वाईन दहा-बारा दिवसांतच लाकडानं भरून जाते, आणि मार्चच्या कोरड्या वाऱ्यात पिंप आटून सांध्यांतून गळायला लागतं. घ्यायचंच असेल तर आधी तीन दिवस पाणी भरून फुगवा, आणि कधीही रिकामं, कोरडं ठेवू नका. मी काचेची बरणी सोडणार नाही.

वापरलेले ठोकळे टाकू नका. बाहेर काढल्याबरोबर गरम पाण्यानं धुवा, पुन्हा पंधरा मिनिटं वाफवा, आणि लगेच दुसरी वाईन असेल तर तिच्यात घाला. दुसऱ्या खेपेला जोर निम्म्याहून कमी असतो. नाजूक वाईनला तेच बरं पडतं, आणि दीडपट वेळ दिला तरी भीती नसते. तिसरी खेप नाही. तेव्हा ठोकळे सावलीत वाळवून मी ते शेगडीवर कोळशात टाकतो आणि वर वांगं भाजायला ठेवतो. त्या भरताला जो वास येतो, त्यासाठी आमच्या घरच्या ऑक्टोबरपासून विचारत असतात, "अहो, ठोकळे कधी काढताय?"